ओठाच्या कोपऱ्यापर्यंत

थांबा जवळ आला तेव्हा ऑरिन व्हँडेहायने बसची दोरी ओढायला उजवा हात वर केला आणि हात खांद्याच्या उंचीपाशी थांबला. कळ आली असती तर निदान ओळखीचं काही घडल्यासारखं वाटलं असतं. कळ आली नाही. हात नुसता तिथे राहिला आणि त्याचा थांबा काचेबाहेरून मागे सरकू लागला. मागच्या सीटवरच्या मुलीने त्याच्या डोक्यावरून हात लांबवून दोरी ओढली. "असू द्या, मी ओढली," असं म्हणून ती पुन्हा आपल्या फोनमध्ये गेली. तिच्या आवाजात दया नव्हती. दया असती तर रागावता तरी आलं असतं. ऑरिनने तिचे आभार मानले, पुढच्या थांब्यावर उतरला आणि मिलवॉकीच्या फेब्रुवारीतल्या राखाडी चिखलातून आपल्या नोकरीच्या, खिडक्यांच्या दुकानाकडे जायचं सोडून उलट्या दिशेने दोन चौक चालत गेला. सत्तावन्नाव्या वर्षी माणूस काही म्हातारा नसतो. त्याचा बाप या वयात छपरावर चढून धुराडी साफ करायचा. पण बाप कुठे चढायचा हा प्रश्नच नव्हता. प्रश्न असा होता की आपलं काम आपल्यादेखत दुसऱ्याने केलं आणि आपण 'थँक्यू' म्हणालो, आणि ते म्हणताना आपल्याला जरा बरंही वाटलं. त्या बरं वाटण्याची त्याला दिवसभर शिसारी येत राहिली. दुकानात गिऱ्हाइकांना खिडक्यांची मापं सांगताना, डबा खाताना, संध्याकाळी बायकोने, मार्लिसने, "आज गप्पसा?" म्हणून विचारलं तेव्हाही.

खांदा गेला त्याला अकरा वर्षं झाली होती. तेव्हा तो इमारतींना काचा बसवायचा. काचवाल्यांच्या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात की काच हातातून सुटली की सुटू द्यायची; हात काढायचे आणि मागे व्हायचं. काच पुन्हा मिळते. दवाखान्याच्या तिसऱ्या मजल्यावर आठ फुटी तावदान बसवताना वरचा पट्टा निसटला. पलीकडच्या बाजूचा जोडीदार शिकवल्याप्रमाणे मागे झाला आणि ऑरिनने मात्र धरून ठेवलं. तावदान वाचलं नाहीच. खांद्याच्या आत काहीतरी ओल्या कापडासारखं फाटल्याचा आवाज फक्त त्यालाच ऐकू आला. पुढे सगळीकडे असं झालं की ऑरिनने जोडीदाराला वाचवायला काच धरली. कोण पहिल्यांदा तसं म्हणालं ते कोणालाच आठवत नव्हतं. ऑरिनला आठवत होतं. दवाखान्यातल्या खाटेवर गुंगीत असताना तो स्वतःच म्हणाला होता. खरं म्हणजे जोडीदार तेव्हा त्याच्या मनातही नव्हता. खाली मुकादम उभा राहून वर बघत होता, आणि मुकादमासमोर काच सोडायची नाही एवढंच मनात होतं. जोडीदार दर नाताळला अजून बिस्किटांचा डबा पाठवतो. मार्लिस तो डबा कौतुकाने टेबलावर मांडते आणि ऑरिन त्यातलं एकही बिस्किट खात नाही. त्याला गोड चालत नाही असं घरात धरून चालतात.

त्याच आठवड्यात तो धनुर्धारींच्या क्लबात गेला. का गेला हे त्याने मार्लिसला तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगितलं, आणि तिन्ही तऱ्हा पटण्यासारख्या होत्या. शिकार त्याच्या घरात होतीच. बाप बंदुकीने मारायचा, नोव्हेंबरात घरात महिनाभर हरणाचं मांस असायचं. पण बंदूक त्याला नको होती. चाकांचं धनुष्यही नको होतं, कारण त्यात शेवटी चाकंच जोर पेलतात, माणूस नुसता नेम धरून उभा राहतो. त्याला हवं होतं ते साधं, लाकडी, टोकं पुढे वळलेलं धनुष्य, ज्याला नेमाची खूण नाही, चाक नाही, आणि ओढलेला सगळा जोर शेवटपर्यंत आपल्याच पाठीवर असतो. क्लबातला एल्रॉय टेश अशी धनुष्यं घडवायचा. हा ब्याऐंशी वर्षांचा, पाईप तोंडात पण कधी न पेटवणारा म्हातारा होता. त्याने ऑरिनला शर्ट काढायला लावलं, खांद्यावरचा व्रण अंगठ्याने दाबून बघितला आणि म्हणाला, "पस्तीस पौंडांचं धनुष्य. ओढायला त्याहून जास्त जोर नाही."

"पंचेचाळीस," ऑरिन म्हणाला.

"पस्तिसानं हरीण मरतं. नीट मारलं तर."

"मला पंचेचाळीस हवंय."

"तुला हवंय ते दिसतंच आहे की. खांद्याला हवंय का, ते विचारतोय मी." म्हातारा हसला, पण मग त्याने पाईप तोंडातून काढला. "हे बघ. एकच गोष्ट सांगतो, बाकी सगळं सरावानं येतं. दोरी ओढली की मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकलं पाहिजे. रोज. दर वेळी. टेकलं नाही, तर सोडायची नाही. हळूच खाली घ्यायची, हरीण जाऊ द्यायचं, आणि घरी जाऊन सूप प्यायचं. दोन बोटं कमी ओढलेला बाण जातो बरोबर, पण तू बघत होतास तिथं लागत नाही. आणि जनावर मरत नाही लवकर."

मार्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात तीनशे पोरांना जेवू घालते. तिला लांबण लावलेलं चालत नाही. तिने एक अट घातली. अंगणात पंधरा पावलांवर कागदी ताटली लावायची, आणि दिवसातला पहिला बाण, थंड अंगाने, उठल्या उठल्या मारायचा. जंगलात कोणी आधी चार बाण मारून हात मोकळा करू देत नाही, म्हणून पहिलाच मोजायचा. सप्टेंबरात सलग वीस दिवस पहिला बाण ताटलीत लागला तर शिकारीला जा, नाहीतर धनुष्य एल्रॉयला परत. "आणि मी खिडकीतून बघणार," ती म्हणाली. तिचा भाऊ ड्वेन पेप्लिन्स्की त्या दिवशी जेवायला होता. त्याचं काय, तो क्रॉसबो घेऊन बसणारा माणूस, घोडा दाबला की झालं. "अरे क्रॉसबो घे ना," तो तोंडात घास असताना म्हणाला. "त्याला खांदा लागत नाही, डोकं लागत नाही. म्हणून तर मला जमतो." मार्लिस हसली, ऑरिनही हसला. ऑरिनला त्या हसण्यात आपण एकटेच वेगळे हसतोय असं वाटलं. ड्वेन चांगला माणूस होता. त्याच्या चांगुलपणाचा ऑरिनला कधीकधी इतका वैताग यायचा की त्याला स्वतःचीच लाज वाटे.

धनुष्य शेवटी पंचेचाळिसाचंच आलं, आणि मार्चात त्याला ते बोटभर ओढता येत नव्हतं. मे महिन्यात दोरी हनुवटीपर्यंत आली. जुलैत एका गुरुवारी क्लबात मधलं बोट ओठाच्या कोपऱ्याला टेकलं, आणि त्या क्षणी सगळं अंग एकदम मुकाट्याने एका रेषेत आलं. पाठ, कोपर, डोळा, सगळं. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याला आपण अख्खे असल्यासारखं वाटलं. तो बाण भिंतीत गेला, पण त्याला काय त्याचं. गाडीत बसून तो रडला आणि मग नाक पुसून घरी गेला. आनंद झाला होता, दुसरं काही नाही. त्यानंतर सप्टेंबर आला आणि सकाळी थंडी पडू लागली. थंड सकाळी खांदा वेगळाच असतो, झोपेतून न उठलेल्या माणसासारखा आडमुठा. पहिल्याच दिवशी दोरी हनुवटीवर अडकली. सुदैवाने मार्लिस तेव्हा खिडकीत नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑरिन अर्धा तास आधी उठला, न्हाणीघरात गेला आणि खांद्यावर सोसवेल तितकं कढत पाणी घेत राहिला. कातडी लाल झाली. मग कपडे घालून, केस पुसून, जांभई देत तो अंगणात आला आणि पहिला बाण ताटलीत मारला. वीस दिवस तो असाच उठला. मार्लिसला पाण्याचा आवाज ऐकू येत असणारच. ती म्हणालीही एकदा, "हल्ली तुझी आंघोळ फार लांबते." त्याने शिट्टी वाजवत विषय बदलला. हे फसवणं होतं का? त्याने हा प्रश्न मनातल्या मनात बऱ्याचदा विचारला आणि दर वेळी उत्तर द्यायच्या आधी अंगणात जायची वेळ झाली. बाण त्याचाच होता, हात त्याचा, ताटली खरी होती. पाणी तर सगळेच घेतात. विसाव्या दिवशी मार्लिसने खिडकीतून टाळ्या वाजवल्या आणि त्याने वाकून नमस्कार केला, नाटकातल्यासारखा.

ड्वेनची जमीन वर, उत्तरेला, तीन तासांच्या रस्त्यावर. ऑक्टोबरच्या शेवटल्या शनिवारी उजाडायच्या आत ड्वेनने त्याला पाणथळीच्या कडेला सोडलं आणि स्वतः मैलभर पलीकडे आपल्या मचाणावर गेला. ऑरिनने पडलेल्या एका ओकच्या मागे, तोडलेल्या फांद्यांच्या आडोशात बैठक मारली. पारा गोठणबिंदूच्या थोडा खालीच होता. पहिला तास त्याला बरं वाटलं. दुसऱ्या तासात खांद्यात गारठा शिरू लागला, आणि तो खांदा कोटाच्या आत हळूहळू फिरवू लागला, पण जंगलात जास्त हलता येत नाही. खार आली, गेली. पानं पडत होती, एकेक, भरपूर वेळ घेत. त्याला मुकादमाचा चेहरा आठवला, मग बिस्किटांचा डबा. डब्यावर लाल फीत असते. मग त्याच्या लक्षात आलं की आपण इतका वेळ हरणाकडेच बघतोय. हरिणी होती, मोठी, एकटी, पिल्लू सोबत नाही. बारा पावलांवर येऊन ती आडवी उभी राहिली आणि मान वळवून मागे बघू लागली, म्हणजे त्याच्याकडे तिची नजर नव्हती. याहून चांगली संधी कोणाला मिळत नाही. त्याने डावा हात पुढे केला आणि दोरी ओढली. ती आली, आली, हनुवटीशी आली, आणि थांबली. त्याच्या कानात रक्ताचा आवाज होता. हरिणीच्या पाठीवर एक पान पडलेलं होतं, पिवळं. मग दोरी गेली.

आवाज चुकीचा आला. छातीत लागला की पोकळ आवाज येतो, असं सगळे सांगतात. हा ओला, मऊ होता. हरिणीने पाठ कमानीसारखी वर केली आणि ती पळालीही नाही, शेपूट खाली घालून चालत गेली, पोट दुखणाऱ्या माणसासारखी, पाणथळीतल्या उंच गवतात. ऑरिन बसून राहिला. अर्ध्या तासाने त्याने जाऊन पलीकडे मातीत रुतलेला बाण उचलला. पिसांवर हिरवट काहीतरी होतं आणि वास येत होता. पोटात लागला होता. पोटात लागलेल्या जनावरामागे लगेच जायचं नसतं. गेलं की ते उठतं, मैलोनमैल चालतं आणि कुठेतरी कुढत मरतं. सोडून दिलं तर जवळच बसतं आणि बसल्या जागी मरतं, सहा तासांत, आठ तासांत. हे त्याने वाचलं होतं. वाचताना ते एका वाक्यात संपलं होतं.

"पोटात?" नऊ वाजता आलेल्या ड्वेनने बाणाचा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कसं काय रे?"

"फांदी," ऑरिन म्हणाला. "फांदीला घासला."

"हत्तेरी. फांद्या असतातच मेल्या." ड्वेनने त्याच्या पाठीवर थाप मारली, डाव्या, चांगल्या बाजूला. "चल. तीनच्या आत काही जायचं नाही. मी सॉसेज आणलंय."

गाडीत हीटर चालू होता. ड्वेनने सॉसेज कापलं, चीज कापलं, थर्मासातली कॉफी झाकणात ओतून दिली, आणि मग त्याच्या बायकोच्या मांजराची हकीकत सांगू लागला. ऑरिन हो-हो म्हणत होता. त्याच्या आत तो क्षण पुन्हा सुरू झाला होता. पहिल्यांदा तो फार छोटा होता: दोरी आली, सुटली. खांदा दगा देऊन गेला, बोटं आपोआप उघडली, यात माणसाचं काय. दहा वाजता तो क्षण जरा मोठा झाला. त्यात हरिणीच्या पाठीवरचं पान आलं. पान दिसलं म्हणजे बघायला वेळ होता. त्याने तो विचार झटकला आणि मांजर शेवटी कुठे सापडलं असं ड्वेनला विचारलं. अकरा वाजता त्या क्षणात हनुवटीवर टेकलेलं बोट आलं, त्याचा गारठा आला, आणि ओठाचा कोपरा दोन बोटं लांब असल्याची जाणीवही आली, अगदी स्वच्छ. आता गवतात ती कुठेतरी बसली असेल, पोटाशी पाय घेऊन, आणि तिच्या आत जे चाललं असेल ते आपण इथे कॉफी पीत चालू दिलंय. ड्वेन डुलक्या घेऊ लागला. बारा, एक. क्षण वाढतच होता, आणि आता त्यात एल्रॉयचा पाईपही होता. ऑरिनला खरोखर त्या वेळी तो पाईप आठवला होता की आता तो तिथे आणून ठेवत होता, हे त्याला ठरवता येईना. पण इतकं त्याला कळत होतं की सकाळपासून तो फक्त एका गोष्टीभोवती फिरतोय आणि तिच्याकडे बघत नाहीये.

तीन वाजता ते निघाले. ड्वेन पुढे, क्रॉसबो खांद्याला, ऑरिन मागे. रक्त फार थोडं होतं, एखादा थेंब पानावर, मग वीस पावलं काही नाही. ड्वेन प्रत्येक थेंबापाशी टॉयलेट पेपरचा तुकडा गवताला अडकवायचा आणि पुढे जायचा. पाणथळीच्या कडेला झुडपांच्या मुळाशी ती बसलेली होती. मेलेली नव्हती. डोकं वर होतं, कान त्यांच्याकडे होते. ती उठली नाही, तिच्याने उठवलंच नाही. आठ पावलं असतील.

"तुझी आहे," ड्वेन कुजबुजला आणि बाजूला झाला. "घे. निवांत."

ऑरिनने बाण लावला. सहा तास गाडीत बसून खांदा लाकूड झाला होता. त्याने ओढलं. दोरी हनुवटीच्याही खाली थांबली. त्याने दात आवळून आणखी ओढलं, खांद्यात आत कुठेतरी कचकन झालं आणि डोळ्यांत पाणी आलं. हरिणी बघत होती. तिच्या डोळ्यांत त्याच्यासाठी काही नव्हतं, राग नाही, भीतीही फारशी नाही. तिला तिचंच पुरे होतं. ऑरिनने दोरी हळूहळू खाली घेतली. खाली घेतानाच त्याला कळलं की न सोडता खाली घेणं आपल्याला येतं. सकाळीही येत होतं.

"तू मार," तो म्हणाला.

"अरे, थांब जरा, दम घे—"

"ड्वेन, मार तिला."

ड्वेनने एकदा त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि क्रॉसबो खांद्यावरून उतरवला. बाण छातीत लागला, पोकळ आवाज आला, आणि ती एकदाच मान टाकून आडवी झाली. दोघे टोप्या काढून थोडा वेळ उभे राहिले. ड्वेनच्या बापाची ती पद्धत होती. मग ड्वेनने बाह्या सरसावल्या, तिला उताणी केली, पोट उघडलं. वास आला तसा तो "फू" म्हणाला आणि हसला. आतलं बरंचसं मांस वाया गेलं होतं. ऑरिन मागचे पाय धरून होता, डाव्या हाताने. त्याला एकाएकी फार थकवा आला.

"हे बघ," ड्वेन काम करता करता म्हणाला, "शिकारीच्या परवान्याची चिठ्ठी तूच लाव तिला, तुझ्या नावाची. तुझीच आहे. पहिला बाण तुझा. फांदी नसती तर जागेवर पडली असती. माझा बाण काय, शेवटी कोणी ना कोणी मारायचाच. घरी सांगायची गरज नाही." त्याने हे इतक्या सहज म्हटलं की ऑरिनला पुढची तीस वर्षं एका झटक्यात दिसली: जेवणाच्या टेबलावर ही गोष्ट सांगितली जातेय, फांदी थोडी जाड झालीय, ड्वेन मान डोलावतोय, आणि ऑरिन ते मांस खात नाहीये, आणि घरात कोणी त्याचं कारणही धरून चालतंय. त्यांनी हरिणीला ओढत गाडीपर्यंत आणलं. ओढताना ऑरिन डाव्या बाजूला होता आणि निम्म्याहून जास्त ओझं ड्वेन ओढत होता.

गाडीत बसल्यावर फोनला रेंज आली आणि ड्वेनने बहिणीला लावला, स्पीकरवर. "मार्लिस! मिळाली गं तुझ्या नवऱ्याला. मोठी हरिणी. बारा पावलांवरून, लाकडी धनुष्यानं! वीस दिवस ताटली मारत होता ते काय उगाच?"

"खरं?" पलीकडून भांड्यांचा आवाज थांबला. मार्लिस हसत होती. "पहिल्याच बाणात?"

"फांदी लागली जराशी, पण—"

"आणि खांदा? ऑरिन, खांदा कसा आहे रे तुझा?"

ड्वेनने फोन त्याच्यासमोर धरला. तिच्या आवाजात इतका आनंद होता की ऑरिनला वाटलं आपण आता बोललो तर तो कायमचा जाईल. आणि तरी त्याला बोलावंसंच वाटत होतं, तहान लागावी तसं.

"खांद्याला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "फांदी नव्हती, मार्लिस. समोर एकही फांदी नव्हती. दोरी ओठापर्यंत आली नव्हती. बाण तिच्या पोटात लागला आणि ती आठ तास बसून होती. मी मारली नाही, ड्वेनने मारली."

ड्वेन काचेबाहेर बघू लागला.

"दोरी आली नाही हे तुला कधी कळलं?" मार्लिसने विचारलं. "नंतर?"

"नाही," ऑरिन म्हणाला. "सोडायच्या आधी."